सर्वांसमक्ष

नानांचा मोबाईल पडद्यावर दिसायला लागला, तेव्हा अख्खं ऑफिस हसायच्या तयारीत होतं.

सरकारने व्हिडिओंच्या त्या परदेशी ॲपवर बंदी घातली होती. आपल्या लोकांची खाजगी माहिती परक्यांच्या हाती जाते, म्हणून. कर्मचाऱ्यांच्या मोबाईलमधून ॲप काढल्याची खात्री करा, असा वरून हुकूम आला. आता दुसऱ्याचा मोबाईल हातात घ्यायचा म्हणजे नसती आफत. ह्यांनी आतलं काय काय चोरून बघितलं, असं उद्या कोणी म्हणायला नको. म्हणून साहेबांनी तोड काढली. सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवायचं, एकेकाचा मोबाईल प्रोजेक्टरला जोडायचा, आणि काय असेल ते सर्वांसमक्ष बघून सर्वांसमक्ष काढायचं. घरातलं बाहेर जाऊ नये म्हणून ते आधी चव्हाट्यावर मांडायचं, ही अक्कल सरकारी कचेरीतच सुचते.

सकाळ मजेत गेली. ड्रायव्हरकडे नुसते शिंकणाऱ्या मांजरांचे व्हिडिओ निघाले. हिशेबनिसाकडे टक्कल घालवायचे उपाय निघाले, आणि त्याच्या डोक्याकडे बघून टायपिस्टबाईंची हसून हसून पुरेवाट झाली.

मग नानांची पाळी आली. नाना म्हणजे आवक-जावक. ऑफिसात येणारं आणि जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूसही तेच करायचे. ह्या सरळमार्गी माणसाकडे ते ॲप निघावं, हीच मुळात गंमत होती.

"मी घरी जाऊन काढतो की," नाना म्हणाले. "उद्या दाखवतो."

"नाना, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू?" साहेब म्हणाले. "सगळ्यांना एकच नियम."

नानांनी मोबाईल दिला. कॉम्प्युटरवाल्या मुलीने तो जोडला. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी आल्या. सगळ्या चौकटींत नानाच होते, आणि प्रत्येकीवर कुलपाची खूण होती.

"साहेब, हे कोणालाच दिसत नाहीत," ती म्हणाली. "फक्त स्वतःसाठी ठेवलेत."

"मग तर बघायलाच हवं. ऑफिसची काही माहिती असली तर? लावा."

तिने नानांकडे बघितलं. नाना खाली बघत होते. तिने पहिला व्हिडिओ लावला.

भिंतभर नानांचा चेहरा आला. नुकती दाढी केलेली, अंगात बनियन. ते थेट समोर बघून हळू, नीट बोलत होते.

"ऑफिसात गेल्यावर. दाराशी बसते ती टायपिस्ट. तिच्या आईचं ऑपरेशन झालंय. आई कशी आहे विचारायचं. काल दोनदा विचारलंस, आज एकदाच विचार. टकला तो हिशेबनीस."

कोणीतरी हसलं.

"मिशीवाले ते साहेब. त्यांना अहो म्हणायचं. परवा अरे म्हणालास, त्यांना वाटलं चेष्टा केली. सुटल्यावर जिना उतरलास की डावीकडे. घर डावीकडे. कोणाला विचारायचं नाही. मुलीचं शिक्षण होईपर्यंत नोकरी टिकायला हवी. कोणाला कळता कामा नये."

व्हिडिओ संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला. त्यातही नानाच. "ऑफिसात गेल्यावर..." कॉम्प्युटरवाल्या मुलीने घाईघाईने तो बंद केला.

आता कोणी हसत नव्हतं. लाज वाटायला हवी होती ती आधीच, पण ती नेहमी उशिराच येते. हिशेबनीस उगाच पेनाचं टोपण काढघाल करत बसला. टायपिस्टबाई रडायला लागल्या.

"हे ॲपवर कशाला ठेवलंत, नाना?" मुलीने विचारलं. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

"ह्यात शोधावं लागत नाही. एक संपला की दुसरा लागतो."

साहेबांनी घसा खाकरला. माणूस दुष्ट नव्हता. "नाना, समजून घ्या. ही तुमची इतकी खाजगी गोष्ट. ती तिकडे परक्या देशात कोणीही बघत असेल. बंदी आहे ती तुमच्याच भल्यासाठी. आणि हे तुमचं... हे आता मला कळलंय म्हटल्यावर वर कळवावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

"बघितलं असेल तिकडे कोणीतरी," नाना म्हणाले. "पण साहेब, त्याने वर कळवलं नाही."

साहेबांनी मुलीला खूण केली. हुकूम तो हुकूम. तिने बोट ठेवलं, आणि सगळ्या चौकटी एकदम गेल्या. पडदा पांढरा झाला. मोबाईल परत करताना तिला नानांच्या डोळ्यांत बघवेना.

नाना उठले. खुर्ची नीट सरकवून ठेवली, मोबाईल खिशात घातला आणि सरळ दाराकडे चालायला लागले. रोजचंच दार, रोजचीच चाल.

ते तिथवर पोचायच्या आत तिघं-चौघं धावले. ड्रायव्हरने एक दंड धरला, टायपिस्टबाईंनी डोळे पुसत दुसरा. हिशेबनिसाने पुढे होऊन दार सताड उघडलं, आणि एकेक शब्द सुटा करत, लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाला, "नाना, दार... इकडे... आहे हं. इकडे."