चौथा माइक

“वहिनींना खरं सांगायचं कुणी?” लंबू स्टुडिओच्या जिन्यातच थांबला. दुसऱ्या मजल्यापर्यंत येता येता त्याचा दम संपला होता.

“तू सांग. एरवी तुझंच तोंड चालतं,” गोटी म्हणाला आणि कठडा धरून खोकत बसला.

मास्तर पुढे चढत राहिले. दादाला जाऊन महिना झाला होता. चाळीस वर्षं चौघं एकत्र गायले, आणि आता वहिनींना एकच गोष्ट हवी होती. चौघांच्या शेवटच्या सिंगलमधला दादाचा आवाज. नुसता त्याचा.

तो त्यात नव्हताच.

ते सिंगल, एकाच गाण्याची रेकॉर्ड, म्हणजे म्हातारपणीचा आगाऊपणा. गिटार, ड्रम आणि वर या चौघांचे सूर. घेतलं कुणी? नातेवाइकांनी, तेही भिडेखातर. पण ज्यांनी ऐकलं ते म्हणाले, “या वयात काय आवाज लागलेत!” रेकॉर्डवर स्वतःचा आवाज परकाच वाटतो, तरी तिघं फुगले.

दादाचा मात्र रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी घसा बसला. मग रोज सकाळी तेच. धड ‘चहा सांग’ म्हणता येईना. गडी संपला, तिघांनी ओळखलं. तोंडावर सांगवेना, म्हणून रेकॉर्डिंगवाल्याच्या कानात सांगितलं, “त्याचा माइक बंद ठेव. कळू देऊ नकोस.”

दादा बंद माइकसमोर डोळे मिटून गात राहिला. काम संपलं की म्हणायचा, “व्हा पुढं. मी चष्मा शोधून येतो.” रोज चष्मा हरवायचा लेकाचा.

स्टुडिओत वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. मांडीवर दादाचा मफलर.

“तुम्हा तिघांचे आवाज काढून फोनवर मला किती छळलंय त्यांनी,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “एकदा तर भावजी, तुम्हीच समजून अर्धा तास त्यांच्याकडे त्यांचीच चुगली केली मी. आता त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू द्या.”

मास्तरांनी मान खाली घातली. “वहिनी, त्या गाण्यात दादा नाही. त्याचा घसा गेला होता. आम्हीच त्याचा माइक बंद करायला लावला.”

वहिनींची बोटं मफलरमध्ये रुतली. “त्यांना कळलं होतं?”

“नाही. तेवढं सांभाळलं आम्ही.”

रेकॉर्डिंगवाला यंत्राकडे वळला. त्यानं गाणं लावलं, गिटार आणि ड्रम बंद केले. खोलीत तीन आवाज उरले. खाली लंबूचा खर्ज, मध्ये मास्तर, वर गोटीची चढी पट्टी.

“अरे, आमचे कशाला ऐकवतोस?” गोटी कळवळला. “जखमेवर मीठ नको चोळूस. त्यांना फक्त दादाचा आवाज हवाय.”

“दादांचाच लावलाय,” तो म्हणाला. “तुम्ही पुढं गेलात की रोज रात्री तेच गायचे. तिन्ही.”