दाराच्या फटीतली वेणी

दाराखालून येणारा गारठा बंद झाला, तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. बाळ रात्रभर खोकलं नव्हतं. सकाळी ते दुपटं पायांनी झुगारून एकटंच हसत पडलं होतं, आणि तिने तळवे चाचपले तर चक्क गरम.

थंडी सुरू झाल्यापासून ती, नवरा आणि बाळ, तिघं एकाच खोलीत राहत होती. पलंग, पाळणा, शेगडी, भांडी, वाळत घातलेले लंगोट, सगळं तिथंच. एका एवढ्याशा हीटरला दोन खोल्या झेपत नाहीत. ही युक्ती सासूबाईंचीच. दर हिवाळ्यात त्या आपली खोली बंद करून, गाठोडं काखेत मारून इकडं झोपायला यायच्या. म्हणायच्या, "ऊब म्हणजे उनाड नवरा गं. फट दिसली की पळालाच."

यंदा थंडी पडायच्या आधीच त्या गेल्या. खोली या दोघांनीच बंद केली.

सासूबाईंचा जन्म शिवणकामात गेलेला. मधल्या दाराच्या फटीत नुसत्या चिंध्या कोंबलेल्या त्यांना खपायचं नाही. तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालायची, टोकाला टाका मारायचा, दोरा दाताने तोडायचा आणि कात्रीच्या मुठीने वेणी ठोकून बसवायची. वेणीतून वारा जात नाही, बाई. पण सुनेच्या कडेवर पोर. वेण्या घालायला हात कुठून आणायचे? तिने जुनी दुपटी आणि नवऱ्याचे विरलेले बनियन सुरीच्या टोकाने कोंबले आणि हुश्श केलं. त्यातून वारा यायचा तो येतच राहिला. बाळाची छाती भरली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पुन्हा गारठा लागला तर दवाखान्यातून घरी नेऊ देणार नाही.

"वारा पडला वाटतं," चहा गाळताना ती म्हणाली.

"कुठला पडतोय." नवरा दुधाची गाडी फिरवून नुकताच आला होता, कपाभोवती बोटं शेकत बसला होता. "खाली बघ, दोरीवरचे कपडे आडवे झालेत."

तिने बघितलं. खरंच होतं. मग तिने मधल्या भिंतीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. भिंत बर्फ झाली होती.

"आईंच्या खोलीची खिडकी लावली होतीस ना?"

"मी? मला वाटलं तू लावलीस."

आईंना नेलं त्या दिवशी त्यानेच ती उघडली होती. नंतर दोघांनी मिळून दार तेवढं ओढून घेतलं, रडत रडत.

"म्हणजे एवढे दिवस आपण रस्ता गरम करतोय," तो म्हणाला. "आई असती तर दोघांना उभं-आडवं शिवलं असतं." हसत हसत त्याने स्वेटर चढवला. "खाली जाऊन बघतो. त्या खिडकीचं एक दार आतून लागल्यासारखं वाटतं आणि बाहेरून उघडंच असतं. तू आत जाऊन लावलीस की मी सांगेपर्यंत हलू नको तिथून."

थोड्या वेळाने फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला.

"सताड उघडी आहे गं. पडदा बाहेर आलाय. जा, लाव."

"जाते. पहिल्यांदा हे कोंबलेलं काढू दे."

तिने बाळाला शालीत गुंडाळून कडेवर घेतलं आणि दाराच्या कडेचं पहिलं दुपटं ओढलं. झोत येईल म्हणून बाळाचं तोंड खांद्यात दाबलं.

झोत आला नाही.

तिने दुसरं दुपटं ओढलं, मग बनियन. फट मोकळी झाली नाही. आत, पलीकडच्या अंगाने, काहीतरी तपकिरी ठोकून बसवलेलं होतं. तिने नखाने टोकरलं. लोकर. तीन पट्ट्यांची वेणी, घट्ट, एकसारखी, उंबरठ्यापासून कडीपर्यंत आणि कडीपासून वरच्या चौकटीपर्यंत.

सासूबाईंची तपकिरी शाल तिने स्वतः घडी करून त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवली होती. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. खिडकी होती, पण तिसऱ्या मजल्यावर.

खाली वेणीचं टोक जरासं इकडं आलं होतं. टोकाला टाका होता. तिने बोट लावलं. दोरा दाताने तोडलेला होता, आणि अजून ओलसर होता.

"झालं का गं?" फोनमधून नवऱ्याचा आवाज आला. "इथं माझी कुल्फी होतेय."

 बाळ खांद्यावरून मान वळवून दाराकडे बघत होतं. फार दिवसांनी ओळखीचं कुणी दिसावं तसं त्याने तोंडभर हसून दोन्ही हात पुढे केले.

तिने त्याचे हात शालीत घेतले. मग खाली बसून एका हाताने दुपटी परत फटीत सारली, एकेक करून, हलकेच, पलीकडची वेणी हलणार नाही अशी. बनियन शेवटी. तोंड दाराजवळ नेऊन ती हळू आवाजात म्हणाली,

"आई, खिडकी तेवढी लावून घ्या. तुम्हाला गार लागेल."

पलीकडे काही वाजलं नाही. बाळाला घट्ट धरून ती दाराच्या अलीकडे उभी राहिली.

"हां, लागली बघ," फोनमधून नवरा म्हणाला. "दोन्ही दारं नीट लागली. पडदाही ओढून घेतलास, बरं केलंस. आता बाहेर ये लवकर, गारठशील तिथं."