जातीची अट नाही

विवाह मंडळाचा अर्ज बाबा सांगत होते, शलाका लॅपटॉपवर उतरवून घेत होती. अपेक्षांच्या रकान्याशी ते थांबले.

“लिही, जातीची अट नाही. काळ बदललाय. मुलांना निवडीचं स्वातंत्र्य नको?”

दोन वर्षं ओठांवर अडलेलं सुगत कांबळेचं नाव आज सहज बाहेर पडेल, असं शलाकाला वाटलं. “बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय…”

“थांब, वाक्य पुरं होऊ दे. पुढे कंसात घाल, एससी, एसटी क्षमस्व. सगळेच घालतात गं. उगाच कुणाला आशेला का लावायचं?”

तिने कंस उघडला, बंद केला.

“वाच बघू.”

पहिल्या ओळीपासून तिने सगळं वाचलं. आवाज कुठेही कापला नाही.

“शाब्बास!” बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “हं, मघाशी काय सांगत होतीस?”