निळा पडदा

समुद्रावरच्या गरम पाण्याच्या कुंडाच्या दाराला निळा पडदा होता. फुसाए टॉवेल छातीशी धरून त्याच्यासमोर उभी राहिली. अशा ठिकाणी निळा म्हणजे पुरुषांचा, हे कुणाला सांगावं लागत नाही. बायकांचा लाल पडदा बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिन्याखाली लोंबत होता.

"तीन वाजता पाळी बदलते, बाई," सरायवाल्या बाईंनी कमरेत वाकून सांगितलं. "मग उद्या सकाळपर्यंत हे कुंड बायकांचं."

"मग थांबतो आम्ही तीनपर्यंत."

बाई आणखी वाकल्या. "नुसत्या आंघोळीला आलेल्यांसाठी तीनपर्यंतच असतं. पुढे मुक्कामाचे पाहुणे. फार फार क्षमा असावी."

त्या इतक्या खाली वाकल्या होत्या, की त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती. फुसाए नवऱ्याकडे वळली. तोकुजी आपला जाड भिंगांचा चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसत होता. अडचणीत सापडला की तो हेच करायचा.

"अहो, तुम्ही फोन केला होता ना?"

"केला होता की. मोठं कुंड दुपारी उघडं असतं का, विचारलं. असतं म्हणाले."

"कुणाला उघडं असतं, ते?"

"ते नाही विचारलं."

रॉकेलवाल्याने दिलेल्या कॅलेंडरावर जुलैच्या पानाला या कुंडाचं चित्र होतं. पाण्याचा काठ संपतो तिथेच समुद्र सुरू होतो, असं. दोन वर्षं झाली, फुसाएने ते पान स्वयंपाकघरातून हलू दिलं नव्हतं. इथला मुक्काम त्यांच्या पेन्शनीत बसणारा नव्हता. म्हणून हे स्वस्त तिकीट, चार पॅसेंजर गाड्या बदलत आलेला पाच तासांचा प्रवास आणि मांडीवर फडक्यात बांधलेले आंबट आलुबुखार घातलेले भाताचे गोळे. तीन दहाच्या बसने परत फिरायचं होतं.

"मग मीही नाही जात," तोकुजी म्हणाला.

"जायचं. मुकाट्याने जायचं. निदान एकाने तरी बघा."

एवढं बोलून ती तरातरा जिन्याखाली गेली. तिथलं कुंड आतल्या खोलीत होतं, चार बायका बसल्या तर गुडघे लागतील एवढं. खिडकी होती, पण खिडकीबाहेर भिंत होती आणि भिंतीला टेकून गॅसचे सिलिंडर उभे होते. फुसाए त्यांच्याकडे बघत पाण्यात बसली. आपण लवकर बाहेर पडलो तर हा बाबा घाई करेल, नीट बघणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती बसून राहिली. बोटं सुरकुतली, कानशिलं उडायला लागली, तरी बसून राहिली.

ती बाहेर आली तेव्हा तोकुजी बोळातल्या बाकावर बसलेला होता. केस कोरडे. हातात तिच्यासाठी घेतलेली थंड दुधाची बाटली.

"गेलाच नाहीत?"

"तू तिकडे डबक्यात, आणि मी इकडे समुद्र बघत बसू? बरं नाही वाटलं."

फुसाएला वाटलं, ती बाटली घ्यावी आणि याच्या डोक्यावर ओतावी. "तुम्हाला नीट बघता यावं म्हणून मी तासभर त्या डबक्यात शिजले. आणि तुम्ही इथे बाकावर बसून मला सोबत करत होतात."

"मला काय माहीत?"

"जा. आत्ता जा. वीस मिनिटं आहेत अजून. डोळे भरून बघा आणि येऊन मला सगळं सांगा. सगळं."

तो गेला. ती बाकावर बसून दूध प्यायली. पडद्याआडून पाण्याचा आवाज येत होता, कुणीतरी म्हातारा मजेत खाकरत होता. मध्येच वाऱ्याने पडद्याची कड उचलली जाई आणि खारट वास येई. दहा पावलांवर होता समुद्र. चिडायचं कुणावर, तेही तिला ठरवता येईना.

तीनला पाच कमी असताना तोकुजी उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन बाहेर आला. चेहरा खुललेला होता. तिला बघून त्याने तो आवरला.

"सांगा."

"मोठा होता गं."

"समुद्र मोठाच असतो. डावीकडे कडा होता का? कॅलेंडरात आहे तो? त्याच्यावर वाकडं पाइनचं झाड आहे बघा, ते होतं?"

तोकुजीने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. फुसाएच्या तेवढ्यातच लक्षात आलं.

"आत वाफ असते ना," तो म्हणाला. "चष्मा कपड्यांच्या टोपलीत ठेवला होता."

"म्हणजे काही दिसलं नाही."

"निळं दिसलं. इकडून तिकडे सगळं निळं."

दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर ती पोट धरून हसली असती. घड्याळात तीन वाजले. बाहेर बस येऊन उभी राहिल्याचा आवाज आला. सरायवाल्या बाई स्टूल घेऊन आल्या, वर चढून त्यांनी निळा पडदा उतरवला, लाल अडकवला. निळ्याची घडी घालत त्या दोघांपुढे वाकल्या. आल्याबद्दल आभार, पुन्हा यावं, म्हणाल्या.

"किती निळं?" फुसाएने नवऱ्याला विचारलं.

तोकुजीने चष्मा चढवला. इकडेतिकडे बघितलं. मग बाईंच्या हातातल्या घडीकडे बोट केलं. "हे असं. जवळजवळ."

बसने हॉर्न दिला. फुसाए जागची हलली नाही.

"बाई," ती म्हणाली, "तेवढा जरा उलगडून धरता का?"

बाईंना काही कळलं नाही. पण पाहुण्यांना नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी घडी मोडली, दोन्ही हात पसरले आणि तो पडदा तिच्यासमोर धरला.