चटका

"दिवे मी लावलेच नव्हते," वायरमन म्हणाला.

चौकशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "काका, टॉवरवाले म्हणतात, लागले होते."

"त्या धुक्यात त्यांना स्वतःचं नाक दिसत नव्हतं. दिवे कुठले दिसतायत."

खरं तर धावपट्टीच्या दिव्यांचा खटका त्याने स्वतःच्या हाताने दाबला होता. पट्टीच्या कडेने चालत जाऊन एकेक दिवा बघितला होता. पण विमान पट्टी सोडून बाजूला कोसळलं, आणि ते त्याचा मुलगा चालवत होता. प्रवाशांबरोबर तोही गेला. त्याला आज अकरा दिवस झाले. वायरमनला रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. कुणी ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं, एवढंच चाललं होतं.

अधिकाऱ्याने टेबलावरचा कॅमेरा पुढे ओढला. "विमानाच्या नाकावर हाच असतो. हा उष्णता टिपतो, म्हणून याला धुक्यातूनही दिसतं. गेल्या महिन्यात याच्याच भरवशावर तुमचा मुलगा इथे दोनदा उतरला. या वेळी पडद्यावर एकही दिवा आला नाही. दिवे लागले असतील, तर कॅमेरा हाताळण्यात चूक झाली. त्याची."

"त्याची नाही. लिहा, म्हातारा खटका दाबायला विसरला."

"तुरुंगात जाल."

"जाईन की. नात चार वर्षांची आहे साहेब. तुझ्या बापाने माणसं मारली, हे तिने जन्मभर ऐकायचं?"

अधिकाऱ्याने चहा मागवला. कप धरताना वायरमनच्या बोटांवरचे डाग त्याला दिसले.

"हे काय झालं?"

"जुन्या दिव्यांचे चटके. तीस वर्षं बदलतोय. पोरगा हात धुऊन मागे लागला होता. म्हणे, बाबा, नवीन दिवे मागवा, हात भाजून घेऊ नका. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं मी."

"मग मागवले?"

"गेल्याच पंधरवड्यात बसवले. सगळे. त्याला फोनवर सांगितलं तर केवढा खूश झाला."

अधिकाऱ्याला वाईट वाटलं. त्याने कॅमेरा वायरमनकडे वळवून सुरू केला, कपाटातून एक दिवा काढला आणि वायर जोडली. खोली उजळून निघाली.

"हा तुमच्याच पट्टीवरून आणलाय. धरा. दिवा ठणठणीत आहे, कॅमेराही ठणठणीत आहे, तुम्हीच बघा. मुलासाठी खोटं बोलताय, कळतंय मला. पण मी ते लिहून घेऊ शकत नाही."

वायरमनने दिवा मुठीत धरला. चटका बसला नाही. डोळे दिपले म्हणून त्याने मान वळवून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर चहाचा कप पांढराशुभ्र दिसत होता. त्याची पाचही बोटं दिसत होती. बोटांच्या मधे नुसता काळोख होता.