आगाऊ बातमी

“मिटलं कुठे होतं? बोर्डावर वाचलं, म्हणून मिटलं,” सात नंबरवाली म्हणाली आणि पुन्हा केस विंचरायला लागली.

आठ नंबरवालीचंही तेच. “अगं, ‘सात आणि आठ नंबरचा अबोला संपला’ असं तूच लावलंस ना? मला वाटलं, तिनेच तुला सांगितलं. मग मीच गेले तिच्याकडे. किती दिवस तोंड फुगवून बसायचं?”

आता बोला! बातमी लागली शुक्रवारी आणि घडली शनिवारी. संपादकीणबाईंचं डोकंच चक्रावलं.

मुलींच्या वसतिगृहात तिला सगळ्या संपादकीणबाईच म्हणायच्या. जिन्याखालच्या बोर्डावरचं भित्तिपत्रक ती दोन वर्षं एकहाती चालवत होती. बोर्डाशेजारी एक पेटी होती. ज्याला बातमी द्यायची त्याने तीत चिठ्ठी टाकायची आणि दर शुक्रवारी तिने नवा अंक लावायचा. नियम एकच, खोटी बातमी लावायची नाही. त्यावरून मुली तिची भरपूर टर उडवायच्या. ‘गिझर दुरुस्त झाला’ ही बातमी लावण्याआधी बाई स्वतः आंघोळ करून आल्या होत्या.

गेल्या अंकात मात्र दोन निनावी चिठ्ठ्या न तपासता लागल्या, कारण तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. गणितात ती दुसऱ्यांदा नापास झाली होती. निकाल भिंतीवर लागला होता, तो सगळ्यांनी वाचला होता. कोणाला माहीत नव्हतं ते एवढंच, की तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये विद्यापीठातून नाव काढून घेण्याचा अर्ज होता. सही करून झाली होती. शनिवारी सकाळी तो ऑफिसात द्यायचा आणि रविवारी घर गाठायचं. आपल्याला हे झेपायचं नाही, हे तिने एकदाचं मान्य करून टाकलं होतं. रडूनही झालं होतं.

पण जायच्या आधी या बातमीदाराचा सोक्षमोक्ष लावायचाच, असं तिने ठरवलं. चौकस स्वभाव काही नापास होत नाही.

दुसरी चिठ्ठी होती, ‘सोळा नंबर वार्षिक कार्यक्रमात गाणार.’ सोळा नंबरवाली इतकी बुजरी, की मेसमधून ताट उचलून खोलीत नेऊन जेवायची.

“मी कुठे नाव दिलं होतं?” ती कानापर्यंत लाल झाली. “सगळ्या दारात येऊन विचारायला लागल्या, कुठलं गाणं म्हणणार म्हणून. मग नाही कसं म्हणू?” आणि एवढं बोलून तिने हळूच विचारलं, “पेटी वाजवणारं कोणी आहे का गं तुझ्या ओळखीचं?”

अक्षरावरून काही कळत नव्हतं. सुटं सुटं, शिरोरेघ नसलेलं, डाव्या हाताने काढल्यासारखं. कागद मात्र ओळखीचा होता. मेसच्या दाराला दोरीने बांधलेल्या पॅडचा. बाहेरगावी जाताना मुली त्यावर खोली नंबर लिहायच्या, मग ‘जेवण बंद’खाली दोन रकाने भरायच्या, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, आणि चिठ्ठी मावशींच्या खिळ्याला टोचायच्या.

“मावशी, पॅडवरचे कोरे कागद कोण फाडून नेतं हो?”

“दीडशे मुली नेतात. कोणाकोणाचं नाव घेऊ?” मेसच्या मावशींनी हात झटकले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

चार दिवस तिने पेटीवर पाळत ठेवली. जिन्यावर पुस्तक घेऊन बसली, पण हाती काही लागलं नाही. गुरुवारी तिने स्वतःचीच चिठ्ठी भरली, रविवारपासून जेवण बंद, आणि खिळ्याला टोचली.

शुक्रवारी दुपारी शेवटच्या अंकासाठी तिने पेटी उघडली. आत तेच सुटं अक्षर होतं. ‘भित्तिपत्रकाची संपादकीण गणिताला तिसऱ्यांदा बसणार आहे.’

ही थट्टा कोणाची? तिने रागारागाने चिठ्ठी उलटी केली. मागच्या बाजूला तिचंच अक्षर होतं. तिचा खोली नंबर. ‘पासून – रविवार’. ‘पर्यंत’चा रकाना रिकामा.

ती तडक मेसमध्ये गेली. मावशी टेबलं पुसत होत्या. तिने चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली.

“सापडले एकदाची,” मावशी म्हणाल्या. “आधीच्या कोऱ्या कागदावर लिहिल्या. ही मुद्दाम तुझ्याच चिठ्ठीमागे लिहिली.”

“पण तुम्हाला कळतं कसं?”

“सात नंबर बाराला जेवायची, म्हणून आठ नंबर दोनला यायची. दोघींचं ताट अर्धं परत. आणि सोळा नंबर ताट घासताना काय गाते, म्हणून सांगू!” मावशींनी फडकं पिळलं. “वीस वर्षांत ‘पर्यंत’ रिकामं सोडणाऱ्या चार मुली बघितल्या बाळ. एक परत आली नाही. तेव्हा मी गप्प बसले. त्याचं वाईट वाटतं मला अजून.”

पण संपादकीण ती संपादकीणच.

“मावशी, पण ही बातमी खोटी आहे.”

“असेल तर नको लावूस. बोर्ड तुझा आहे.” मावशी पुढच्या टेबलाकडे वळल्या.

ती बोर्डासमोर येऊन उभी राहिली. बाकीचा नवा अंक लावून झाला. खाली उजव्या कोपऱ्यात एका चिठ्ठीपुरती जागा उरली होती. तिने टाचणी उचलली, पुन्हा खाली ठेवली. येणारी-जाणारी एकजण म्हणाली, “काय बाई, आज अंक अर्धाच?”

खोटी बातमी लावायची नाही, हा नियम तिनेच केला होता. ती तीन मजले चढून खोलीत गेली, ड्रॉवर उघडला, अर्जाचे चार तुकडे केले, आणि मग खाली येऊन चिठ्ठी लावली.