चिमटेबाईची सही

"चिमटेबाई तुम्हाला सुचली कशी?" वाचनालयाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं, आणि लेखिका हेमलताबाईंनी आधी तिच्या शेजारी पाहिलं. तिथे त्यांच्या वन्सं बसल्या होत्या, कडक इस्त्रीच्या साडीत, ताठ.

वाळूवर शिंपले टाकून पळणाऱ्या लाटांना चिमटे काढणारी ही खेकडी गावोगावच्या मुलांची लाडकी होती. ती सुचली होती वन्संवरूनच. पंगतीत कुणी पानात अन्न टाकलं, की वन्सं मागून येऊन दंडाला चिमटा काढत. नवी नवरी असताना हेमलताबाईंनाही त्यांनी सोडलं नव्हतं. पण हे त्यांच्यासमोर कबूल करायची हेमलताबाईंची कधी छाती झाली नव्हती.

"वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एक खेकडी दिसली होती," त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं.

"पोरांना खोटं सांगतेस?" वन्सं उठून उभ्या राहिल्या. "पहिल्या पुस्तकातच ओळखलं मी स्वतःला. माहेरी, सासरी, भाजीवालीलासुद्धा सांगून झालंय. तूच तेवढं कधी नाव घेत नाहीस माझं."

"तुम्हाला राग येईल असं वाटलं, वन्सं."

"आलाच. तिचे चिमटे फार मऊ दाखवलेस."

मुलं खो खो हसली. मग सहीसाठी पुस्तकं घेऊन टेबलाभोवती झुंबड उडाली. हेमलताबाईंनी पेनाचं टोपण काढलं, तोच दंडाला ओळखीचा चिमटा बसला.

"सरक जरा," त्यांच्या हातातलं पेन घेत वन्सं म्हणाल्या. "आधी माझी सही."